कुणीही उचला

वागळे इस्टेट, रोड नंबर सोळा, पहिला मजला.
आम्ही सात जण लिफ्ट दुरुस्त करतो.
म्हणजे पाच जण करतात,
मी फोन घेते, आणि सर काळजी करतात.

कोलबाडला दोन बायका चाळीस मिनिटं अडकल्या,
कारण तिथल्या सेक्रेटरींचा नंबर
फक्त मिसाळच्या फोनमध्ये होता
आणि मिसाळ खेडला, लग्नात, रेंजबाहेर.
सर म्हणाले, उद्यापासून सगळे नंबर सगळ्यांचे.

मग मी एकेकाचा फोन मागून घेतला.
माणसं पाकीट दिल्यासारखा देतात,
बोट सोडत नाहीत.

एकच माणूस चार नावांनी निघाला:
'सेठी माजिवडा', 'सेठी चेक देत नाही',
'उचलू नको',
आणि सरांकडे 'सेठीसाहेब'.
कॉम्प्युटरने विचारलं, एकत्र करू?
त्या बटणावर मी बराच वेळ थांबले.

'नाव' हा रकाना रिकामा सोडता येत नाही, लाल होतो.
'वॉचमन रात्र पोखरण'. अकरा वर्षांची ओळख,
बंद दाराशी उभं राहून
आत अडकलेल्यांशी बोलत राहणारा माणूस.
फोन करून विचारलं, तुमचं पूर्ण नाव काय?
तो घाबरला. काय झालं मॅडम, चोरी?
नाही हो, लिहून ठेवायचंय.
थोडा वेळ नुसता पंख्याचा आवाज.
मग त्याने नाव सांगितलं, वडिलांचं सांगितलं,
गाव, पोस्ट, जिल्हासुद्धा.
दीनानाथ पाल.
एवढंच मावलं.

सोमवारी एक चूक झाली, माझीच.
भोईरच्या फोनमधलं सगळंच यादीत गेलं:
पापलेटवाली, अंपायर, दोन व्याही,
'सुप्रिया बोलत नाही',
आणि साती फोनांत एक नवी 'आई'.
काढते म्हटलं. कामात राहून गेलं.

गुरुवारी भोईर शाफ्टमध्ये, फोन वर पिशवीत.
त्याच्या आईने मग वळंजूंना लावला.
भोईरनेच कधीतरी कॅलेंडरवर लिहून दिलेला नंबर.
वळंजूंच्या टेबलावर फोन थरथरला,
पडद्यावर: आई.
नऊ वर्षांत तिथे तो शब्द आला नव्हता.
त्यांनी चष्मा लावला. मग काढला.
पाचव्या रिंगला उचलला
आणि म्हणाले, हं, बोल.
'बोला' नाही. मी ऐकलं.

संध्याकाळी यादी दुरुस्त केली.
आडनाव भोईर. नाव सुमन जनार्दन. राहणार बाळकुम.
संबंध या रकान्यात
ग्राहक, पुरवठादार, इतर, एवढंच निवडता येतं.
तो तसाच ठेवला.
शेऱ्यात लिहिलं:
दोनच्या सुमारास करतात.
जेवलास का, विचारतात.
कुणीही उचला.