गठानीच्या पावतीमागं

वडकीच्या जिनिंगात
तुर्कस्तानची मशीन येनार हाये,
ते शिकाले मालकानं
आमच्या घरचा फिटर धाडाचं ठरवलं.
गावाचं नाव अदाना.
बुढी म्हने, अडानी लोकायचंच गाव असन,
निभन मंग याचं.

पोट्टीनं मोबाइलातून शब्द उतरवले
गठानीच्या जुन्या पावत्यायच्या पाठीवर,
अन् भाताच्या शितानं चिकटवले घरभर.

माठावर : सू.
सू म्हंजे पानी.
लहान्या हासू हासू लोयला,
दोन दिवस घरात कोनी पानी मांगे ना.
टोपल्यावर : एकमेक.
एकमेक म्हंजे भाकर.
ह्याचं मात्र कोनाले हासू नाही आलं,
पाचही जनं गुमान जेवलो.

अन् पाच म्हंजे बेश.
'कसं चाललं, धनराज?' कोनी इचारलं का
हा म्हंते, 'पाच!'
साबन तेथीबी साबूनच,
हवा हवाच.
पामुक म्हंजे कापूस,
हा शब्द त्यानं एकदाच वाचला
अन् चिमटीत धरून
धागा वढून पाहाल्यासारखं केलं.

अडकला तो 'अन्लामियोरुम'वर.
डोये बांधून रोलर खोलनारा मानूस,
पन हे त्याच्या जिभीवर गुताडा होऊन फिरे.
'मले समजत नाही', एवढाच त्याचा अर्थ.
न समजल्याचं सांगाले
एवढा लांब शब्द कायले पाह्यजे, बाप्पा?
आपल्याइकडं नुसती मान हालवली का भागते.

कवाडावरची पावती मी दुसऱ्याच दिवशी उपडली.
'गेल' असं लिवलं होतं तिच्यावर.
जानाऱ्याच्या उंबरठ्यावर असा शब्द?
पोट्टीवर वसकन ओरडली मी.
ते म्हने, 'आई, गेल म्हंजे ये.
त्यायच्यात ये म्हनाले गेल म्हंतेत.'

मंग मी चूप.
आपनबी तं घरून निंघताना
जातो नाही म्हनत,
येतो म्हंतो.

सोमवारी नागपूरच्या यष्टीत बसला.
खिडकीतून काहीतरी बोलला मोठ्यानं,
आपल्या भाषेत का त्यायच्या,
इंजिनाच्या घरघरीत कयलं नाही.
मी मान हालवली.

माठावरची पावती ओली होऊन गयून पडली.
कवाडावरची परत चिकटवली हाये,
जराशी वाकडी.