गोल, त्यात ठिपका

अक्षयतृतीयेच्या दुसऱ्या दिवशी बाबांची वाचा गेली.
मेडिकलमधून घरी आणलं तेव्हा
उजवा हात मांडीवर गळून पडलेला,
डाव्यात जेमतेम खडू धरता येत होता.
वहिनीनं पोरीची पाटी पुढ्यात ठेवली.

चाळीस वर्षं या माणसानं
तांडापेठेपासून कामठी रोडपर्यंत
खुणा काढल्या होत्या.
डीपीच्या पेटीवर कवटी, खाली दोन हाडं.
दवाखान्यावर लाल त्रिकोण.
मुतारीकडे नेणारा बाण,
आणि जिथे मुतू नये त्या भिंतीवर
ओळीनं सगळ्या धर्मांचे देव.
'सूचना कोणी वाचत नाही बे,' म्हणायचे,
'देवाले भेतात.'

निवडणुकीत एकाच भिंतीवर
सकाळी पतंग,
दुपारी चुना,
दिवेलागणीला शिट्टी.
मत कोणाले, विचारलं
की ब्रश रॉकेलमध्ये बुडवून
बराच वेळ ढवळत बसायचे.

आईला अक्षर येत नाही.
तिचं सगळं वाचन बाबांच्या हातचं.
कवटी दिसली की पोराला मागे ओढायचं,
बाण दिसला की वळायचं.
बाकीचं ती मागावर शिकली.
एकदा साड्या बघायला आलेल्या बाईनं
करवतकाठावर बोट फिरवत सांगितलं,
ही देवळांची शिखरं आहेत, पुरातन प्रतीक.
आई म्हणाली, 'असतीन बाई.
आमी तं दात मोजतो.'

तर पहिल्या दुपारी बाबांनी पाटीवर काढलं:
एक गोल, वाकडा.
मधे ठिपका.

चंद्रभानदादा म्हणाला, सूर्य. उन्हाचं सांगून राहिले.
काकूला कुंकू दिसलं,
ती आईच्या कपाळाकडे बघून रडायलाच लागली.
शेजारच्या गजभिये सरांना चक्र,
'आऱ्या राहिल्या, हात चालत नाही ना.'
कोणी म्हणालं संत्रं,
कोणी म्हणालं डोळा, नजर लागली घराला,
मिरच्या ओवाळा.

आणि मी,
चित्रकलेच्या कॉलेजात पाच वर्षं घालवलेला,
बिंदूवर बोललो.
शून्यावर बोललो.
सगळी अंतरं जिथून मोजली म्हणतात
तो आपल्या गावातला दगडही मधे आणला,
आणि माझं मलाच भरून आलं.

बाबा खडू आपटत होते.
ठक. ठक.
पंजानं पुसून पुन्हा तेच.
गोल. ठिपका.
घाम हनुवटीवरून पाटीवर पडला,
गोलाची एक कड विरघळली.

हर्षाली सहा वर्षांची.
दारात बसून बर्फाचा गोळा चोखत होती.
उठली, चिकट हातानं
कूलरचं बटन फिरवलं,
दोनवरून चारवर.

ओल्या वाळ्याचा वास खोलीभर झाला.
बाबांचा अर्धा चेहरा हसला.

'चित्र नव्हतं ते,' ती मला म्हणाली,
'बटन होतं.'

त्यानंतर आम्ही शिकलो.
दोन लाटा म्हणजे पाणी.
उभी रेघ म्हणजे बसवून द्या.
बाण अजून बाणच,
फक्त आता तो मोरीकडे नेतो.
दादा एकदा चुकला
आणि चादर धुवावी लागली.

परवा रात्री लाइन गेली.
अख्खी पेठ काळी, कूलर गप्प,
मच्छरांचा तेवढा आवाज.
मोबाइलच्या उजेडात पाहिलं तर
बाबांनी काढून ठेवलं होतं:
गोल. मधे ठिपका.

लाइन गेल्याचं त्यांना कळत होतं,
हे मी शपथेवर सांगतो.
मी सांगायला तोंड उघडलं,
आईनं हातानंच थांबवलं.
पाटी ओढून मांडीवर घेतली,
ठिपक्यावर बोट टेकवलं
आणि ओठ हलवत राहिली,
करवतीचे दात मोजताना हलवायची तसे.