दोर सोडण्याआधी

बेतीच्या कचेरीत कागद लागला:
फेरीबोट मास्टर, जागा एक.
अर्ज आम्ही दोघांनी भरले, मी आणि शाणूने.
टेबल रिकामं नव्हतं, म्हणून
त्याच्या पाठीवर माझा, माझ्या पाठीवर त्याचा.
माझ्या जन्मतारखेतला सात
त्याच्या मणक्यावर अडखळून वाकडा झालाय.

एकोणीस वर्षं मी दोर टाकतोय.
रायबंदरचा धक्का जवळ आला
की आधी माझ्या तळपायांना कळतं, इंजिनाला मागाहून.
पुस्तक म्हणतं, कशावरून कळतं ते लिहा.
गुण पाच.

रात्री जेवणं उरकली की मयूरी प्रश्न विचारते.
तिची बारावी, माझी बढती,
दोघांत एक पंखा.
"बाबा, काळोखात समोर तांबडा आणि हिरवा
दोन्ही दिवे दिसले तर?"
मी म्हणतो, समोर कायतान असला तर थांबायचं,
तो वळतो पण शिट्टी देत नाही,
आणि खनिजाची बार्ज असली तर...
ती पेन्सिल आपटते.
"पुस्तकात कायतान नाही.
उजवीकडे वळायचं. इतकंच लिही."

इतकंच लिहितो.
अक्षर दोरासारखंच, जाड, जागोजागी गाठी.

पहाटे खाजनाच्या बांधावर जाऊन
हुकूम द्यायचा सराव करतो.
दोर सोडा! फळी वर घ्या! स्कूटरवाले, मागे सरा!
एक बगळा उडाला.
बाकीचे चिखलात चोच घालून
आपलं काम करत राहिले,
आणि मला कुठेतरी बरंच वाटलं.

बायकोने नखांतलं ग्रीस काढायला
परसातली बिंबलं आणून दिली.
चोळून चोळून बोटं पांढरी पडली,
अंगठ्यातली काळी रेघ गेली नाही.
"राहू दे," ती म्हणाली, "तोंडी परीक्षेला
तेवढं एक उत्तर तयार असू दे."

परवा शेवटच्या फेरीला, बोट रिकामी,
इनास मास्टरने चाक माझ्या हातात दिलं.
मला वाटलं होतं जड असेल.
नाही रे. पोरानेही फिरवावं इतकं हलकं.
जड आहे ते मधलं थांबणं:
आत्ता वळवलं, बोट मात्र अजून सरळच,
तितक्यात घाबरून उलटं फिरवलं नाही
तर मग सावकाश ती तुझं ऐकते.
"चड फिरयनाका," इनास म्हणाला,
आणि विडी पेटवून नदीकडे पाठ करून बसला.

तिथून, वरून, शाणू दिसला.
डोक्यावर मधोमध टक्कल पडलंय त्याच्या,
रुपयाएवढं.
एकोणीस वर्षं खांद्याला खांदा लावून उभा राहिलो,
मला माहीतच नव्हतं.
हाक मारायची होती, शाणू, दोर!
जीभ वळेना.
आम्ही एकमेकांना कधी काही सांगितलंच नाही,
तो टाकायचा, मी झेलायचो.
त्याने मान वर केली,
क्षणभर काचेतल्या मला ओळखलं नाही बहुतेक,
मग हसला, आणि न सांगताच दोर टाकला.

आज चहाच्या वेळी त्याने विचारलं,
ते दिव्यांचं काय रे, तुला येतं?
त्याला शिकवायला घरी कोणी नाही.
दोन काड्यापेट्या कठड्यावर ठेवल्या,
ही तुझी बोट, ही माझी.
सांगितलं.
चुकीचं काही सांगितलं नाही.
सगळं सांगितलं का, ते आता आठवून बघतोय,
आणि दर खेपेला एखादी काडीपेटी
कठड्यावरून पाण्यात पडते.

परीक्षा उद्या दहाला.
त्याआधी साडेसहाची फेरी आहे,
तिच्यावर आम्ही दोघेही आहोत.