तिसरा बाटला

असल्फ्याच्या टेकडीवर एकशे चौदा पायऱ्या.
मी त्या गुडघ्यांनी मोजल्यात,
खांद्यावर बाटला घेऊन:
आतला गॅस चौदा किलो दोनशे,
लोखंडाचं वजन वेगळं.

कुणाच्या घरी किती,
ते एजन्सीच्या वहीपेक्षा मला जास्त ठाऊक.
मालन खुटवडच्या पुस्तकावर दोन, खोलीत तीन.
एक शेगडीला,
एक मोरीच्या कट्ट्याला टेकून,
आणि एक कॉटखाली, आडवा,
जुन्या परकरात गुंडाळलेला.

तिसरा मीच दिला. शंभर रुपये वर.
दिवाळीच्या चकल्या होत्या, साठ किलो.
ऐन कढईत गॅस गेला तर गिऱ्हाईक थांबत नाही,
असं ती म्हणाली,
आणि ते खोटं नव्हतं.

मग रविवारी मंडळाच्या हॉलात
अग्निशमन दलाचे तांबोळीसाहेब आले.
भाषण कमी. एक पन्हळ तिरकी लावली,
खालच्या टोकाला मेणबत्ती,
वरच्या टोकाला नळीतून सोडला जरासा गॅस.
काही दिसलं नाही.
आम्ही पन्हळीकडे बघत बसलो.
आणि एकदम ज्योत उलटी चढली,
निळी,
पायांमधून उंदीर जावा तशी.

"हा वर जात नाही," साहेब म्हणाले,
"खाली बसतो. पाण्यासारखी सखल जागा धरतो.
बाटला उभाच ठेवा. कॉटखाली नको, कपाटात नको.
लागतो तेवढाच ठेवा.
आणि दाराखालची फट बुजवू नका."
मागून कुणीतरी: "मग घुशी?"
हॉल हसला. साहेब हसले नाहीत.
घुशींसाठी त्यांच्याकडे नियम नव्हता.

मला मालनचीच फट दिसत होती,
चिंध्या कोंबलेली, वर अर्धी वीट.
आणि तिची रेवू,
कॉटवर आजारी आजोबा म्हणून खाली झोपणारी.
चटईपासून परकरापर्यंत वीतभर.
आमच्याकडे जमिनीवर कोण झोपतं?
जो लहान, जो पाहुणा, जो उशिरा आला तो.
गॅसला हे कुणी सांगितलेलं नसतं,
तरी तो तिथंच जातो.

रात्री दहाला कडी वाजवली.
"परत न्यायला आलोय."
"आणि पैसे?"
"हे घ्या. वरचे शंभरसुद्धा."
तिनं शिव्या घातल्या, रीतसर, माझ्या गावासकट.
मग स्वतःच वाकून बाटला ओढला,
परकर सोडला, त्याची घडी घातली.
टोपी घट्ट, दोरी शाबूत.
साबणाचा फेस लावून पाहिला:
एक बुडबुडा नाही.
"बघ," ती म्हणाली, "काही झालं नसतं."
मी हो म्हणालो.

भरलेला बाटला उतरताना जास्त जड लागतो.
आजवर मी रिकामेच उतरवलेले.

खाली गोदामाला कुलूप.
माझी खोली दहा बाय आठ, बिनखिडकीची,
आम्ही तिघं, तिघंही जमिनीवर.
मग नाक्यावरच, आभाळाखाली,
वडापावच्या गाडीपासून लांब, विजेच्या डबीपासून लांब,
बाटला उभा केला आणि शेजारी बसलो.
वाऱ्याला वाट होती.
बहुतेक सगळं नियमात बसत होतं.

एक कुत्रं येऊन त्याला हुंगून गेलं.
खिशात विडी होती, काडेपेटी होती.
पहाटेपर्यंत
खिशातच होती.