सतरावा खांब

मोसमच्या काठी, बंधाऱ्याखालच्या फडात
आम्ही सतरा खांब उभे केले.
डोक्यावर ताटलीएवढी सौर प्लेट, पोटात रेडिओ,
पायाशी मातीत खुपसलेली सुई.
खांबानं बोलायचं एवढंच: ओल किती.
ऐकणारा एकच, सोसायटीच्या गच्चीवरचा डबा,
त्याच्यापर्यंत हाक पोचते पहिल्या चौघांचीच.
बाकीच्यांनी हातोहात निरोप द्यायचा,
सतरानं बाराला, बारानं नवाला, नवानं चाराला.

पहिल्या रात्री सगळे एकदम बोलले.
टेकडीच्या अल्याड आठ, पल्याड दहा,
एकमेकांचा आवाज त्यांना जात नाही;
दोघंही एकाच वेळी नवाच्या कानात ओरडले
आणि नऊ रात्रभर म्हणत राहिला,
परत सांगा. परत सांगा.

मग मालेगावच्या रुबिनानं वही काढली,
एका सेकंदाचे चोवीस वाफे पाडले,
प्रत्येकाला आपला वाफा.
तीन आणि सोळा मात्र एकाच वाफ्यात बसवले,
इतके लांब, की एकाचं पाणी
दुसऱ्याच्या बांधाला लागत नाही.
शंभरातले ब्याण्णव निरोप पोचले.
सातपूरच्या ऑफिसात आम्ही चहा मागवला.

वेडूनाना बंधाऱ्यावर बसून होते,
चाळीस वर्षं या फडाचे पाटकरी.
स्क्रीन बघून म्हणाले, आठ गेले, ते कुणाचे?
आम्ही पाहिलं.
सगळे एकट्या सतराचे.
बेरीज हिरवीगार, आणि शेपटाचा हरभरा
तीन दिवस मुका.
नाना फावड्याच्या दांड्यावर हनुवटी टेकून बोलले,
"आधी शेवटलाले दे, मंग वरल्याले.
वरला काय, पाटनं पाणी पिस."

रुबिनानं वही शेवटाकडून लिहायला घेतली.
पहिला वाफा सतराला, त्याला लागून बाराला,
मग नवाला, मग चाराला,
निरोप वाटेत कुठं थांबायला नको.
आकडा सत्त्याऐंशीवर आला.
साहेबांचा फोन: का पडला?
ती म्हणाली, पडला नाही सर, उतरलाय. शेपटाकडे.
साहेब काही बोलले नाहीत,
किंवा बोलले, आणि रेंज गेली.

पहाटे दोन पन्नासला सतरा बोलला:
ओल अठरा.
आम्ही नानांना उठवून सांगितलं.
ते म्हणाले, ठाऊक आहे, संध्याकाळी हात घालून आलो.
मग कूस बदलता बदलता:
"त्या चाराचं काय?
सगळ्यांचं सांगून झाल्यावर
त्याचं स्वतःचं तो कधी सांगतो?"

सकाळी पाहिलं, त्याची बॅटरी तळाला गेलेली.
प्लेटवर बगळ्याची शीट.
रुबिना ओढणीच्या टोकानं पुसत होती,
मी शिडी धरून.
पाटात पाणी आलं होतं,
आमच्या बुटांना चाटून
खाली चाललं होतं.