एकोणचाळीस फूट

राजाराम बंधाऱ्यावरची पट्टी मी वाचतो,
तासातासाला.
पावसात शाई पसरते, म्हणून नोंद पेन्सिलीनं.
कसबा बावड्यातली पोरं पुलावरनं ओरडतात,
'मामा, किती झालं?'
जसा काय मॅचचा स्कोअर.

राधानगरीहून हिंदुरावचा फोन येतो:
'तीन नंबरचं दार उचललं.'
ते दार आपोआप उचलतं,
त्याला कुणाची सही लागत नाही.
मग मी खाली लावतो, कर्नाटकात,
कल्लोळच्या मल्लव्वाला.
तिचं मराठी अर्धं, माझं कानडी पाव.
'नीरु बंतु,' म्हणतो मी.
'एष्टु?' ती विचारते.
आकडा सांगतो. तेवढ्यात तिचं भागतं:
म्हशी, सासू, शेजारच्या घरातलं बाळंतपण,
सगळं माळावर न्यायला एक रात्र पुरते.
सरकारी पत्र जातं नंतर, पाणी उतरल्यावर,
'माहितीस्तव'.

मल्लव्वाला मी बघितलेलं नाही.
एकदा दुधाच्या टँकरवाल्याबरोबर
तिनं जवसाची चटणी पाठवली होती. लई तिखट.

त्या रात्री शाहूपुरीतल्या सोसायटीचा वॉचमन आला,
खिमलाल तामाङ, सायकल ढकलत, गुडघ्यापर्यंत चिखल.
तळघरातल्या गाड्या काढू का, विचारायला.
काढ म्हटलं. तरी तो गेला नाही.
पट्टीकडं बघत राहिला.

'आमच्याकडं नदी दुसऱ्या देशातनं येते, दादा.
वर बर्फाचं तळं फुटतं.
आधी आवाज येतो, मग नदी.
मधी काही नसतं.
भाऊ पाणचक्कीत होता. दळण अर्धं झालं होतं.'

विजेरीचा झोत त्यानं पाण्यावर धरला, काढला, परत धरला.
'वर पल्याडच्या कुणाचा नंबर असेल का तुमच्याकडं?'
असं विचारलं,
जसं गंगावेशीतल्या एखाद्या प्लंबरचा विचारावा.

मी खरंच वही उघडली.
पाटबंधारे. तहसील. हिंदुराव. मल्लव्वा.
गॅस सिलिंडर.
मागच्या पानावर मुलीच्या शाळेचा.
मिटली.

'जरा पट्टीवर धर,' म्हटलं.
त्यानं धरली. हात हलत नव्हता.
एकोणचाळीस फूट, दोन इंच.
मल्लव्वाला लावला. रिंग वाजत होती,
आणि माझ्या बाजूला खिमलाल ओठातल्या ओठात
नीरु बंतु, नीरु बंतु
पाठ करत होता.

'आणि मग तिकडचं माणूस काय म्हणतं?'
'किती, असं विचारतं.'
'एवढंच?'
'एवढंच.'