रकाना

उपकेंद्राच्या फॉर्मवर श्वासाचे तीन प्रश्न.
विडी-सिगारेट ओढता का.
घरात चूल आहे का.
घरात कुणाला दमा.
समोर तीन चौकोन,
आणि खाली रेघ नाही.

दगूबाई सोनवणे बाकावर बसल्यात,
पदराचं टोक दातात.
अनेरच्या काठावरून चालत आल्या,
वाटेत चारदा थांबून.
हे त्यांनी नाही सांगितलं.
सोबतच्या नातीनं सांगितलं, बोटं मोजून.

"विडी?"
"नही माय. विडी ते मन्हा मालकनी बी कधी पिदी नही."
"चूल?"
"व्हती. आते गॅस शे. पोऱ्यानी लई दिन्हा."
दोन चौकोनांत मी फुली मारते.
तिसरं विचारायच्या आधीच त्या खोकतात.
खोकला थांबेपर्यंत मी त्यांच्या पापण्या बघते:
आखूड, आणि केसांच्या टोकाला
नायलॉन जळल्यावर येतात तसे
बारीक मणी.

माघात पऱ्हाटी निघते.
चिमटा लावायचा, एकेक झाड मुळासकट उपटायचं,
मग ढीग, मग काडी.
काडी ओढायला गडीमाणूस.
बांधावर आग थोपवायला बाया,
हातात कडुनिंबाची ओली फांदी.
वारा फिरला की आग तोंड फिरवते;
बाईला पाठ फिरवता येत नाही,
कारण मागे शेजाऱ्याची केळी, ठिबकच्या नळ्या.
एक नळी वितळली की दिवसाची हजेरी गेली.

आणि त्या पऱ्हाटीवर काय काय नसतं मारलेलं!
मव्याला, तुडतुड्याला, बोंडअळीला,
पोळ्यापासून दिवाळीपर्यंत औषधच औषध.
हो, त्यालाही आम्ही औषधच म्हणतो.
दगूबाई सांगतात, तो धूर
आधी जिभेला कळतो, गोडसर,
नाकाला मागून.
वावरातून घरी आल्यावर भाकरीलाही तीच चव,
दोन दिवस.

मी नळी पुढे करते.
"जोरमा फुका, एकदम."
त्या हसतात. मला फुंकायला शिकवतेस?
चाळीस वर्षं फुंकणीनं निखारे जागे केलेत.
गाल भरून फुंकतात.
काटा एकशे चाळीसवर जाऊन बसतो.
"अजून."
एकशे तीस.
"अजून."
आता नुसता खोकला,
आणि खोकता खोकताच त्या नातीला हातानं खुणावतात:
पाणी नको. थांब. हे होऊन जाऊ दे.

निळा पंप मी हलवून दाखवते,
कसा दाबायचा, श्वास कधी ओढायचा.
त्या तो उलटसुलट करून बघतात.
"हाई बी फवारनीच शे का?"
मला हसू येतं, मग येत नाही.

"आकडा कितला वना?"
सांगते.
"आनि पहिले कितला व्हता?"

पहिले म्हणजे कधीचा?
लग्नाआधीचा, पहिल्या हजेरीआधीचा,
की परवाच्या माघातला?
मी रजिस्टर उगाच मागे मागे चाळते.
लसीकरण आहे, बाळंतपणं आहेत,
सर्पदंश आहेत, तारखेसकट.
दगूबाईंचा श्वास कुणी मोजलाच नव्हता.

"मी बी फुकू का?" नात विचारते.
नवी पुठ्ठ्याची नळी बसवून देते.
ती डोळे मिटून फुंकते,
तिच्या झिपऱ्यांना धुराचा वास.
दोनशे साठ.

शेवटच्या पानावर
पट्टी धरून मी एक रेघ ओढते.
नाव विचारते. वय विचारते.
"तू बी जास का बांधवर?"
ती आजीकडे बघते.
आजी पंपाचं झाकण लावत असते,
पुन्हा काढते, पुन्हा लावते.